तळटीप १४ : ‘तिकडे एखादा बॅरिस्टर लाव’

रत्नागिरीहून मस्कतला लिहिलेल्या पत्रात थोरल्या भावाने हा सल्ला मनापासून दिला आहे. मराठी घरांत ‘बॅरिस्टर’ म्हटले की आंबेडकर आठवतात. कोर्टातला मोठा माणूस, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. ओमानमध्ये बॅरिस्टर असा वकिलांचा वेगळा वर्ग नाही. तिथे वकिलाला ‘मुहामी’ म्हणतात आणि कोर्टाची भाषा अरबी आहे.

तिथे पगार थकला तर कामगाराने आधी कामगार मंत्रालयाकडे तक्रार द्यायची. तिथे समेट होतो का ते पाहतात, न झाल्यास प्रकरण न्यायालयात जाते. कामगाराला कोर्ट फी माफ असते, आणि गावाकडे ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आता २०२३ चा कामगार कायदा (फर्मान ५३/२०२३) लागू आहे. करार दुसऱ्या भाषेत असेल तर सोबत अरबी प्रत हवी. लेखी करारच नसेल, तरी कामगार आपला हक्क कोणत्याही पुराव्याने सिद्ध करू शकतो. ही तरतूद २००३ च्या कायद्यातही होती. त्यामुळे पत्राच्या शेवटी आईने सांगून घातलेली ओळच मला खऱ्या वकिली सल्ल्याची वाटते : हजेरीचे कागद आणि पगाराच्या चिठ्ठ्या ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी ठेव.