धुऱ्यावरचा तरोटा

१/ कोकणातला टाकळा तो वऱ्हाडातला तरोटा. वाशिम जिल्ह्यातील जऊळक्याच्या परिसरात पहिल्या पावसानंतर तो धुऱ्याधुऱ्यावर उगवतो. भाजीला घ्यावीत ती फुलोऱ्यापूर्वीची कोवळी पानेच.

२/ या खुडणीमागे हौस क्वचितच असे. आषाढात पेवांतील ज्वारी सरत येई आणि नवे पीक दूर असे. अमेरिकन यादवीच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडात कापूस फोफावला, तसे निंदणही वाढले. निंदणाला गेलेल्या बायका सांजेला ओच्यात तरोटा घेऊन परतत.

३/ मात्र रानभाजी दुष्काळात तारते, हा समज अर्धाच खरा. १८९९ साली पाऊसच फसला. मग तरोटा तरी कोठून यावा? सहस्रावधी वऱ्हाडी कुटुंबे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली.

४/ आता धुऱ्यावरचा तरोटा तणनाशकाने जळतो. शहरातील रानभाजी महोत्सवात त्याचीच जुडी विकत घेतली जाते.