बर्नस्टाइनचा सुधारणावाद

एडुआर्ड बर्नस्टाइन याचे नाव समाजवादाच्या इतिहासात बहुधा निंदेच्या निमित्तानेच निघते. वस्तुतः १८९९ च्या त्याच्या ग्रंथातील म्हणणे साधे होते. भांडवलशाही आपल्याच भाराने कोसळेल हे भाकीत खरे होताना दिसत नाही, मध्यमवर्गही नाहीसा होत नाही. सबब मजुरांनी मताधिकार, कामगार संघ व सहकारी मंडळ्या यांच्या बळावर समाजवाद पायरीपायरीने आणावा.

हे विचार पक्व झाले लंडनमध्ये. बिस्मार्कच्या १८७८ च्या समाजवादविरोधी कायद्याने त्यास स्वदेश पारखा झाला. १८८८ मध्ये स्वित्झर्लंडनेही हद्दपार केल्यावर तो लंडनला आला व १९०१ पर्यंत तेथेच राहिला. तेथे सिडनी वेबसारखा फेबियन १८९२ साली काउंटी कौन्सिलात निवडून जाऊन धंदेशिक्षणाची व्यवस्था लावीत होता. असे दृश्य रोज पाहणाऱ्यास मतपेटीवर विश्वास बसला तर नवल काय?

जर्मनीत मात्र लोकसभेला, म्हणजे राइशस्टागला, मते होती, सत्ता नव्हती. चॅन्सेलरची नेमणूक बादशहा करी. प्रशियात तर कराच्या प्रमाणात मतदारांचे तीन वर्ग पाडलेले. धनिकाचे एक मत कित्येक मजुरांच्या मतांस भारी पडे. १९१२ साली सोशल डेमोक्रॅट पक्षाने एकतृतीयांशाहून अधिक मते व ११० जागा मिळविल्या, तरी कारभारात त्याचा शब्द चालेना. बर्नस्टाइनच्या मार्गातील खरा खड्डा हा होता, आणि रोझा लुक्झेंबुर्गचे उत्तर कितीही तिखट असले तरी वादाचा बहुतेक गलबला मार्क्सच्या सिद्धांताभोवतीच झाला. १९०३ साली ड्रेस्डेनच्या अधिवेशनात पक्षाने सुधारणावादाचा निषेध केला. गंमत ही की, निषेध करणारे स्वतः व्यवहारात सुधारणावादीच होते! पक्षाचा चिटणीस इग्नाझ आउअर याने बर्नस्टाइनास खासगी पत्रात बजाविले ते हेच, की असल्या गोष्टी बोलावयाच्या नसतात, करावयाच्या असतात.

१९१८ च्या ऑक्टोबरात, महायुद्धातील पराभव समोर दिसू लागल्यावर, चॅन्सेलर लोकसभेस जबाबदार झाला. प्रशियाचे त्रिवर्गी मतदान मात्र नोव्हेंबरातील क्रांतीनेच गेले. स्त्रियांचा मताधिकार व आठ तासांचा दिवसही तिनेच दिला. म्हणजे शांततेच्या मार्गाचा दरवाजा उघडण्यास धक्का क्रांतीचाच लागला. बर्नस्टाइनच्या विरोधकांनाही हे श्रेय सहजी घेता येत नाही, कारण त्या दरवाजातून पुढे चालावयाचे कसे, हे त्यांच्यापाशी ठरलेले नव्हते.

बर्नस्टाइन १८ डिसेंबर १९३२ रोजी बर्लिनमध्ये वारला. सहा आठवड्यांनी हिटलर चॅन्सेलर झाला. २३ मार्च १९३३ रोजी त्याच्या हाती सर्वाधिकार देणारा कायदा लोकसभेपुढे आला, तेव्हा कम्युनिस्ट सभासदांना आधीच दूर ठेवण्यात आले होते. विरुद्ध मते पडली ९४, आणि ती सर्व सोशल डेमोक्रॅटांची होती.