पंचकोनी लोलकाचे कुळ

सिंगल लेन्स रिफ्लेक्स कॅमेऱ्याची वंशावळ सांगताना थॉमस सटन या इंग्रजाने 1861 साली घेतलेल्या पेटंटापासून आरंभ करावा, 1936 चा ड्रेस्डेनचा किने एक्झाक्टा, 1954 साली जपानच्या आसाही कंपनीने आणलेला, बटण दाबून झाल्यावर आपोआप जागेवर येणारा आरसा आणि 1959 चा निकॉन एफ असे मुक्काम घेत खाली यावे, असा प्रघात आहे. तो बरोबरच आहे. त्यात मला काही भर घालावयाची नाही. माझे म्हणणे केवळ या कॅमेऱ्याच्या माथ्यावरील उंचवट्यापुरते आहे. त्या उंचवट्यात जो पंचकोनी काचेचा लोलक बसविलेला असतो, तो छायाचित्रणाच्या घराण्यात जन्मलेला नसून जमीनमोजणीच्या दफ्तरातून तेथे दत्तक गेलेला आहे, असे माझे ठाम मत आहे.

या मताचे मूळ अगदी योगायोगाचे. अहमदपुरातील एका जुन्या मोजणीदाराच्या सामानात पितळी डबीएवढा ऑप्टिकल स्क्वेअर मला पाहावयास मिळाला, आणि त्याच सुमारास हाती होता निकॉन एफएम2. आमच्या भागातील जमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर, 33 फुटी साखळीने झालेली. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तो गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, हा हिशेब अजून खेड्यातील पोरालाही तोंडपाठ असतो. साखळी सरळ टाकल्यावर बांधाचे प्रत्येक वळण तिच्यापासून काटकोनात किती अंतरावर आहे हे टिपावे लागे. काटकोन दाखविणाऱ्या शंकू या साधनावरून नेम धरूनही ते काम होई. परंतु ऑप्टिकल स्क्वेअर असला म्हणजे मोजणीदार साखळीवरून चालत चालतच एका डोळ्याने डबीत पाही. वरच्या अर्ध्या भागात समोरचा निशाणाचा दंड प्रत्यक्ष दिसे, खालच्या अर्ध्यात बाजूच्या बांधावरील दंडाचे प्रतिबिंब दिसे, आणि दोन्ही तुकडे जुळून एक दंड झाला की पायाखालची जागा हाच काटकोनाचा बिंदू. एफएम2 मध्ये डोळा घालून लेन्सवरील खोबणीदार कडे फिरवावे, तर मधल्या वर्तुळात खांब कमरेत तुटलेला दिसतो आणि कडे नेमक्या जागी आले की सांधला जातो. हे साम्य मात्र निव्वळ दिखाऊ आहे. ते वर्तुळ लोलकाखालच्या दुधी काचेतील दोन उलटसुलट पाचरींचे बनलेले असून त्याचा वंश निराळा आहे. खरे नाते त्याच्या वर, लोलकात आहे.

एकमेकांशी 45 अंशांत बसविलेल्या दोन आरशांवरून किरण दोनदा परावर्तित झाला, तर तो बरोबर 90 अंशांत वळतो. आणि ज्या हातात ते आरसे आहेत तो हात थोडासा डावी-उजवीकडे फिरला तरी त्या काटकोनात तिळमात्र फरक पडत नाही, कारण एका परावर्तनात जितके बिघडते तितकेच दुसऱ्यात सावरते. जुन्या ऑप्टिकल स्क्वेअरमध्ये असे दोन सुटे आरसेच असत. ते हलू नयेत म्हणून एकाच काचेच्या ठोकळ्याच्या दोन बाजूंना चांदीचा मुलामा दिला, की एक कोन 90 अंशांचा आणि उरलेले चार साडेबाराधिक शंभर अंशांचे, असा पंचकोन तयार होतो. या ठोकळ्याच्या पितृत्वाविषयी तंटा आहे. फ्रेंच ग्रंथकार त्याला मेत्सच्या लष्करी विद्यालयात भूमापन शिकविणाऱ्या गुलिए या अधिकाऱ्याचे नाव देतात, जर्मन ग्रंथकार प्रांटल याचे. मी कौल गुलिएच्या बाजूने देतो, कारण त्याला तोफखान्यासाठी अंतरमापक यंत्र करावयाचे होते, आणि काटकोन न हलण्याची निकड मोजणीदारापेक्षा गोलंदाजाला अधिक. पुढे लष्करी अंतरमापकांच्या लांब नळ्यांच्या दोन्ही टोकांना पंचकोनी लोलक बसू लागले. अशी यंत्रे घडविणाऱ्या जर्मन कारखान्यांचेच भाऊबंद कॅमेरेही घडवीत. तेव्हा लोलकाने शेतातून तोफखान्यात आणि तोफखान्यातून कॅमेऱ्यात प्रवास केला असला पाहिजे, हा माझा तर्क.

प्रतिपक्षाचा आक्षेप असा, की कॅमेऱ्यातील लोलकाला घराच्या पाख्यांसारखे छप्पर असते, मोजणीच्या लोलकाला ते नसते. सबब त्याचे मूळ आमिची या इटालियन शास्त्रज्ञाच्या छप्परी लोलकात शोधावे. आक्षेप अर्धा मान्य. आरशावरून वर आलेले दृश्य कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्यात सुलटे परंतु डाव्याचे उजवे झालेले दिसे. आरशाचे एक परावर्तन आणि साध्या पंचकोनाची दोन मिळून तीन होतात, आणि विषम संख्येत डाव्या-उजव्याची अदलाबदल फिटत नाही. छपराने एक परावर्तन वाढवून चार केली, तेव्हा मिरवणुकीतला घोडा ज्या दिशेने चालला त्याच दिशेने काचेतही चालू लागला. तेव्हा छप्पर आमिचीचे, परंतु भिंती मोजणीदाराच्या, असा निवाडा द्यावा लागतो. 1948-49 च्या सुमारास इटलीचा रेक्टाफ्लेक्स आणि ड्रेस्डेनचा काँटॅक्स एस हे दोघे हा लोलक घेऊन जवळजवळ बरोबरच बाजारात उतरले. त्यांत पहिला कोण, यावर शौकीन मंडळी अजून हमरीतुमरीवर येतात. मला तो वाद गौण वाटतो.

मोजणी आणि छायाचित्रण यांची सोयरीक आपल्या मुलखात तरी अपूर्व नव्हे. 1956 पर्यंत अहमदपूर हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यात मोडे. त्या संस्थानचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात आराखडे काढणारे. इमारतीची उभी रेघ त्यांच्या छायाचित्रांत इतकी निर्दोष उभी राहते, त्याचे श्रेय मी त्या आराखड्यांना देतो.

जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने मात्र वंशावळीआधी लोलकाची खातरजमा करावी. पंचकोनात किरण आतील बाजूवर साडेबावीस अंशांत पडतो, आणि काचेतून संपूर्ण परावर्तन होण्यास सुमारे 41 अंश लागतात. म्हणून चांदीचा मुलामा अटळ, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत लोलकाभोवतीचा फोम कुजून चिकट झाला की तो मुलामाही खातो. दृश्यात काळी आडवी रेघ दिसली, तर समजावे की लोलक गेला. छायाचित्रावर ती रेघ उमटत नाही, परंतु नेम धरताना डोळ्याला जाच होतो. दुरुस्तीचा सोपा मार्ग म्हणजे त्याच जातीच्या बंद पडलेल्या कॅमेऱ्यातील लोलक काढून बसविणे. आणि ज्यांच्या घरी मोजणीच्या जुन्या पेटीत अशी पितळी डबी पडून असेल, त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी एकदा उघडून आत आरसे आहेत की पंचकोनी काच, एवढे तरी पाहावे.