राक्षसभुवनची गोदावरी

गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन बहुतेकांना माहीत आहे ते शनीच्या देवस्थानामुळे. शनी अमावास्येला इथे गोदाकाठी माणसांची रीघ लागते. मी मात्र जातो तो आडदिवशी. देवळापासून काठाकाठाने चालत निघायचं. एका हाताला नदीचं पात्र, दुसऱ्या हाताला ऊस आणि कपाशी. याच शिवारात एके काळी मराठेशाहीचं नशीब पालटलं, हे त्या पिकाकडे पाहून कळत नाही.

दिवस १० ऑगस्ट १७६३. पानिपतला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. त्याच वर्षी निजामअलीच्या फौजेने पुणं जाळलं होतं आणि पेशव्यांच्या फौजांनी त्याचा मुलूख लुटला होता. परतीच्या वाटेवर निजामअली गोदावरी उतरून पलीकडे गेला. अलीकडे मागे राहिला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर. नेमके तेव्हाच माधवराव आणि राघोबादादा चालून आले. धुमश्चक्रीत राघोबादादा घेरले गेले. अठरा वर्षांच्या माधवरावांनी कुमक नेऊन त्यांना सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला. त्याचा धनी पलीकडच्या तीरावर, आणि मध्ये पावसाळ्यातली भरलेली गोदावरी! सप्टेंबरात औरंगाबादला तह झाला आणि ८२ लाखांचा मुलूख निजामाला सोडावा लागला.

आज वर पैठणला जायकवाडीचं धरण आहे. पाऊस ओढ देतो त्या वर्षी ऑगस्टातही इथे वाळूच दिसते. तेव्हा असं पात्र असतं, तर निजामाची फौज चालत मदतीला आली असती.

एकदा काठावर गुरं राखणाऱ्या मुलाने माझं नाव विचारलं आणि मग म्हणाला, "चाचा, लढाईत तुमचे हरले ना?" मी त्याला सांगितलं, हरलेल्यांचा सेनापती विठ्ठल नावाचा ब्राह्मण होता. नागपूरचे जानोजी भोसले आधी निजामाकडे होते, ऐन वेळी पेशव्यांकडे आले. गोपाळराव पटवर्धनही त्या साली निजामाला मिळाले होते.

पोरगं विचारात पडलं. मग म्हणालं, "मग आमच्या गावाचं कोण होतं?"

या प्रश्नाला बखरीत उत्तर नाही. पण ऑगस्टात शेतात पीक उभं असतं, आणि घोडी बांध पाहून धावत नाहीत.