क्रीडांगणावरील निशाणे

शेगावच्या लोकांना पताका म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दर वर्षी येथून पंढरपूरकडे पायी निघणारी पालखी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निशाण खांद्यावर घेऊन चालणे हा काय अनुभव असतो, हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तेव्हा आज पताकेची थोरवी गाण्याऐवजी एक अवघड प्रश्न तुमच्यासमोर ठेवावयाचा आहे. फुटबॉलच्या, किंवा कोणत्याही मोठ्या खेळाच्या सामन्यात राजकीय निशाणे आणि निषेधाचे फलक यांना जागा असावी की नसावी?

बहुतेक समंजस माणसे याचे उत्तर तत्काळ देतात : नसावी. खेळ तो खेळ आणि राजकारण ते राजकारण. दोहोंची गल्लत नको. हे उत्तर इतके स्वच्छ आहे की ते खोडून काढण्याचा कोणास धीर होऊ नये. आम्हीही पुष्कळ वर्षे तेच म्हणत आलो. परंतु इतिहासाची पाने चाळू लागलो, तेव्हा एक शंका मनात आली आणि ती काही केल्या जाईना. ‘मैदानात राजकारण आणू नका’ असे ज्या ज्या वेळी म्हटले गेले, त्या त्या वेळी ते मैदान आधी खरोखरच राजकारणापासून मुक्त होते काय?

फुटबॉलपुरते पाहावयाचे तर खेळाडूंच्या पोशाखावर राजकीय वा धार्मिक घोषणा असू नये, असे त्या खेळाचे नियमच सांगतात. प्रेक्षकांनाही मोकळीक नाही. २०१६ साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे प्रेक्षक इस्राएली संघाविरुद्धच्या सामन्यात पॅलेस्टाईनचे झेंडे घेऊन आले, म्हणून युरोपच्या फुटबॉल संघटनेने क्लबला दंड केला. पण मे १९३८ मध्ये बर्लिनच्या मैदानावर इंग्लंडच्या संघाने सामन्यापूर्वी हात उंचावून नाझी पद्धतीचा सलाम केला. तो त्यांनी हौसेने केला नव्हता, वरिष्ठांच्या सांगण्यावरून केला होता. म्हणजे प्रेक्षकाने आणलेले फडके ते राजकारण, आणि सरकारला हवा असलेला सलाम तो शिष्टाचार! नियमाची ही तऱ्हा लक्षात ठेवूनच पुढे जावे.

आपल्या देशात या प्रश्नाचा आरंभ कलकत्त्याच्या मैदानावर झाला असे म्हणता येईल. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकले. अकरांतील दहा जण अनवाणी खेळले होते. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. त्या दिवशी कोणी घोषणापत्र वाचले नाही की ठराव मांडला नाही. परंतु वंगभंगाने पोळलेल्या त्या प्रांतात हा सामना केवळ चेंडूचा होता असे म्हणणारा मनुष्य सापडणे कठीण होते. समोर गोऱ्या पलटणीचा संघ उभा आहे आणि मैदानाच्या पलीकडे फोर्ट विल्यमवर युनियन जॅक फडकत आहे, अशा वेळी निशाण तेथे आधीच होते. प्रश्न एवढाच होता की ते एकट्याचेच असावे काय?

फुटबॉल हा बंगालचा ध्यास. आमच्या महाराष्ट्रात कोल्हापूरसारखी गावे सोडली, तर मैदानाकडे लोकांचे लोंढे ओढून आणले ते क्रिकेटने. म्हणून आपल्या प्रश्नाची खरी परीक्षा पाहावयाची तर मुंबईच्या पंचरंगी सामन्यांकडेच वळले पाहिजे.

या सामन्यांची घडण कशी होती ते पाहा. प्रथम पारशी आणि युरोपियन यांचे सामने होत. १९०७ साली हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमान आले आणि ती चौरंगी झाली. १९३७ साली ख्रिस्ती, यहुदी इत्यादी ‘बाकीच्यां’चा संघ येऊन ती पंचरंगी झाली. संघ गावाचे नव्हते, शाळा-कॉलेजांचे नव्हते. ते धर्माचे होते. प्रत्येक संघाचे नाव हेच त्याचे निशाण होते. तंबूच्या खांबावर कापड बांधलेले असो वा नसो, धावफलकावर ‘हिंदू’ आणि ‘मुसलमान’ ही अक्षरे रंगविलेली होती, आणि हजारो लोक ती वाचून टाळ्या वाजवीत होते.

हिंदूंच्या निशाणाखाली सगळे हिंदू तरी सारखेच होते काय? पळवणकर बाळू यांची कथा येथे सांगितलीच पाहिजे. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या मैदानावर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता घडला. पुढे हिंदूंच्या क्लबाला त्याची गरज पडली, तेव्हा त्याला खेळावयास घेतले; परंतु चहाच्या वेळी इतर गडी आत बसत आणि बाळूचा चहा मातीच्या भांड्यातून बाहेर येई. १९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळविले. इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

१९२० साली ही खदखद बाहेर पडली. बाळूंना संघातून वगळण्यात आले, आणि नेमलेले कर्णधार एम. डी. पै आजारी असता त्यांच्या जागी दि. ब. देवधरांची योजना झाली. देवधरांच्या गुणांविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते. परंतु बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम हे अनुभवाने ज्येष्ठ होते. जातीमुळे आपणांस डावलले गेले असे जाहीर करून दोघे बंधू संघाबाहेर पडले. त्यांनी मैदानात धोंडे टाकले नाहीत, कोणाच्या अंगावर धावून गेले नाहीत. ज्या खेळावर त्यांचा जीव होता, तो खेळ त्यांनी स्वतःपुरता सोडला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, लोकमत हलले. पुढच्या सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलाविण्यात आले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर राहिल्याने हिंदू संघाचे नेतृत्व थोडा काळ का होईना बाळूंच्या हाती आले. १९२३ साली विठ्ठल रीतसर कर्णधार झाले, आणि त्या वर्षीची स्पर्धा हिंदूंनी जिंकली.

या दोन भावांनी क्रिकेटमध्ये राजकारण आणले असा आरोप त्यांच्यावर करावयाचा काय? आमच्या मते चहाचे मातीचे भांडे ज्याने प्रथम बाहेर पाठविले, त्याने राजकारण आणले. भावांनी ते फक्त चारचौघांत बोलून दाखविले.

आता १९४० कडे येऊ. सविनय कायदेभंगाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ ही स्पर्धा बंद होती. १९३४ पासून ती पुन्हा सुरू झाली. १९४० च्या हिवाळ्यात वैयक्तिक सत्याग्रह चालू होता, देशातील पुढारी एकामागून एक तुरुंगात जात होते, आणि इकडे मुंबईत पंचरंगी सामन्यांची तिकिटे विकली जात होती. हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ डिसेंबरात महात्मा गांधींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्याला गेले. मुंबई-वर्धा लोहमार्ग आपल्या या शेगाव स्टेशनावरूनच जातो. गांधीजींचे म्हणणे थोडक्यात असे होते की, कॉलेजांचे व संस्थांचे सामने आपण समजू शकतो, परंतु धर्माच्या नावाने संघ पाडून खेळण्याचे कारण आपणांस कधीच उमगले नाही. मुंबईकरांनी असे सामने सोडून द्यावेत. हिंदू जिमखान्याच्या सभासदांत मोठा वाद माजला, आणि सरशी झाली ती माघार घेणाऱ्यांची. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही.

विरोधकांची ओरड काय होती? अगदी हीच, की खेळात राजकारण आणू नका! धर्माच्या नावाने संघ उभे करणे हा खेळ, आणि तसे करू नका म्हणणे हे राजकारण. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्यासारख्यांनी ही विसंगती वर्षानुवर्षे दाखवून दिली, तरी लोकांचा उत्साह ओसरला नाही.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. याच हिंदू संघाने १९३७ सालीही माघार घेतली होती, पण ती तत्त्वासाठी नव्हे. नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपासाठी! आणि १९४० ची माघारही टिकली नाही. पुढच्याच वर्षी हिंदू संघ परत आला. शिवाय स्पर्धेच्या समर्थकांचे म्हणणे असे की, या सामन्यांनी धर्माधर्मांत तेढ वाढली नाही, उलट एकमेकांच्या गुणांची कदर वाढली. हे सर्वस्वी खोटे नव्हते. १९४३ च्या अंतिम सामन्यात बाकीच्यांच्या संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांनी काढल्या, तेव्हा हिंदूंचे पाठीराखेही त्यांचे कौतुक करीत होते. १९४४ साली मुसलमानांचा संघ हिंदूंवर केवळ एक गडी राखून विजयी झाला, आणि मैदान शांतपणे रिकामे झाले. परंतु दोन वर्षांतच देश रक्तबंबाळ झाला. हा दोष क्रिकेटच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही, माणसाला दर वर्षी काही दिवस ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ असे मोजावयास शिकविणाऱ्या शाळेला कोणी निष्पाप म्हणू नये. १९४६ नंतर ही स्पर्धा झाली नाही.

निशाणाचे वजन किती असते याचे एक शांत उदाहरण याच काळातले आहे. १९३६ साली आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी व्यायामप्रकार दाखविण्यासाठी बर्लिनला गेले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकी संघ अंतिम सामन्यात पोहोचला. अधिकृत झेंडा ब्रिटिश हिंदुस्थानचा, आणि कर्णधार ध्यानचंद तर सरकारी फौजेतले शिपाई. १५ ऑगस्टच्या त्या सामन्यापूर्वी संघाचे साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि मैदानात जाऊन जर्मनीला ८-१ असे हरविले. तो झेंडा कोणा प्रेक्षकाने पाहिला नाही.

निशाण दुसऱ्याच्या अंगावर आले म्हणजे काय होते, हे आपल्या फुटबॉल संघाने १९६२ साली जकार्तात भोगले. आशियाई खेळांचे यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली. त्यावरून जमाव भडकला आणि आपल्या वकिलातीवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या हुर्यो-हुर्योत आपला संघ दक्षिण कोरियाशी अंतिम सामना खेळला. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत टाटांच्या संघातून खेळलेले फोर्तुनात फ्रांको त्या संघात होते. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारत २-१ असा जिंकला. भांडण सोंधींचे होते, आणि त्याची किंमत मात्र अकरा पोरांनी मोजली.

येथवर आलो म्हणजे आमची कसोटी आपोआप हाती येते. मैदानावरच्या निषेधाविषयी एकच प्रश्न विचारावा : त्याची किंमत कोण देतो? पळवणकर बंधूंनी ती स्वतः दिली. १९७४ साली भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला असता, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास देशाने नकार दिला आणि हाती येऊ शकणारा चषक सोडून दिला. तीही किंमत स्वतःचीच. उलट ऑक्टोबर १९९१ मध्ये पाकिस्तानच्या संघाला विरोध म्हणून मुंबईच्या वानखेडे स्टेडियमची खेळपट्टी शिवसैनिकांनी खणून टाकली. तो विरोध ज्यांना पटत होता त्यांचाही खेळ गेला, आणि पटत नव्हता त्यांचाही. विचारले कोणालाच नाही. आमच्या दृष्टीने हा झेंड्याचा नव्हे, कुदळीचा प्रश्न आहे.

याच कसोटीवर अलीकडची एक घटना पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. १८ ऑगस्टला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. बंदोबस्ताचे कारण सांगून तो रद्द करण्यात आला. तेव्हा एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही बाजूंचे पाठीराखे आपापली निशाणे घेऊन सॉल्ट लेक मैदानाबाहेर एकत्र आले, मोहामेडनचेही आले, आणि त्यांनी न्याय मागितला. पोलिसांच्या लाठ्या त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतल्या. त्यांना तेथून हुसकण्याचा अधिकार ‘खेळ तो खेळ’ या वचनाने कोणास मिळतो, असे आम्हांस वाटत नाही.

जाता जाता घरचेही थोडे पाहू. आपल्या तालुक्यातालुक्यांतून कबड्डीचे, व्हॉलीबॉलचे, टेनिस बॉल क्रिकेटचे सामने होतात. मैदानाच्या कमानीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी असतात, चषकाला पदाचे नाव असते, अंतिम सामना पाहुणे येईपर्यंत खोळंबतो. याला कोणी राजकारण म्हणत नाही. परंतु उद्या त्याच मैदानावर एखाद्या पोराने ‘आमच्या गावाला पाणी द्या’ असा पुठ्ठा उंच धरला, तर पहिला आवाज उठेल : येथे राजकारण नको! तो आवाज तुमच्या तोंडून निघण्यापूर्वी एकदा मान वर करून कमानीकडे पाहा, एवढेच आमचे मागणे आहे.