स्टेपनीची जागा

मोटारीसोबत जादा चाक बाळगण्याची पद्धत मोटारीइतकी जुनी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक मोटारींची चाके लाकडी आऱ्यांची आणि हबला कायमची जखडलेली असत. त्यामुळे रस्त्यात पंक्चर झाले की चाक जागेवरच ठेवून त्यावरचा टायर पट्ट्या घालून उपसावा लागे, आतल्या ट्यूबला ठिगळ लावावे लागे आणि हातपंपाने पुन्हा हवा भरावी लागे. वेल्समधील लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये यावर तोड काढली. हवा भरलेला टायर चढवलेली, आऱ्या नसलेली एक सुटी रिम गाडीसोबत न्यायची आणि पंक्चर झालेल्या चाकालाच ती बाजूने आवळून बसवायची, अशी ती योजना होती. पुढे अख्खे चाकच हबवरून काढता येऊ लागले आणि डेव्हिस बंधूंची रिम मागे पडली. भारतात मात्र त्या रस्त्याचे नाव प्रत्येक जादा चाकाला कायमचे चिकटले.

अख्खे चाक सोबत न्यायचे म्हटल्यावर ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला. सुरुवातीला पायठेवणीच्या पट्टीवर, नंतर पुढच्या मडगार्डमधल्या खोबणीत किंवा गाडीच्या पाठीवर, आणि शेवटी डिकीच्या तळाशी, असा शहरी मोटारीतील स्टेपनीचा प्रवास झाला. आडरानात चालणाऱ्या गाडीला हा शेवटचा मार्ग मोकळा नव्हता. तिच्या तळाखाली चाक टांगले तर चढ-उतारावर तेच आधी जमिनीला घासते, आणि आत ठेवले तर माणसांची आणि सामानाची जागा जाते.

१९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या विलीज एमबी जीपमध्ये हा तिढा सरळ सोडवलेला दिसतो. या जीपला मागे उघडणारी फळीच नव्हती. सलग पत्र्याच्या पाठीवर एका बाजूला स्टेपनी आणि दुसऱ्या बाजूला इंधनाचा कॅन अशी मांडणी होती. युद्ध संपताच, १९४५ मध्ये, शेतकऱ्यासाठी सीजे-२ए ही नागरी जीप आली. शेतकऱ्याला मागून पोती चढवायची होती, म्हणून पाठीला खाली पडणारी फळी दिली गेली आणि स्टेपनी उजव्या बाजूच्या पत्र्यावर सरकली. १९४८ च्या लँड रोव्हरने चाक कधी पुढच्या आसनांमागे, तर कधी थेट बॉनेटवर ठेवले. टोयोटाच्या एफजे-४० मालिकेतील अनेक गाड्यांवर मात्र मागच्या दारांपासून स्वतंत्र, बिजागरीवर बाजूला फिरणारी चौकट होती. आज गॅरेजात बसवल्या जाणाऱ्या, स्टेपनी पेलणाऱ्या फिरत्या कॅरिअरचे तत्त्व तिच्यात पूर्णपणे आलेले आहे, म्हणून या इतिहासात तिला खरे महत्त्व द्यायला हवे.

महाराष्ट्राचा या कथेशी संबंध जुना आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि त्याच वंशातील, २०२० मध्ये नव्या रूपात आलेली थार नाशिकला तयार होते. तिची स्टेपनी मागच्या दारावर असते. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचीही तिथेच असे.

दारावर चाक टांगण्याची ही रीत मूळ मापाच्या चाकापुरती निर्धोक असते. अमेरिकेत १९५३ पासून रुबिकॉन ट्रेलवर भरणाऱ्या जीपर्स जांबोरीसारख्या मोहिमांतून खडकाळ वाटांवर गाडी चालवण्याचा छंद वाढला, आणि खडकावरून अंग वर काढायचे तर टायर मोठा हवा, हे चालकांना उमगले. २८ इंचांच्या आसपासचा टायर जाऊन ३१, ३३ आणि ३५ इंचांचे टायर आले. ३५ इंचांचे चाक रिमसह ४० किलोंच्या आसपास भरते. ते बंपरला अडू नये म्हणून वर उचलावे लागते आणि त्याची रुंदी दाराला टेकू नये म्हणून बाहेरही सरकवावे लागते. परिणामी वजन वाढते आणि बिजागरीपासूनचे त्याचे अंतरही वाढते. प्रत्येक दणक्यासरशी हा सगळा भार बिजागरीभोवतीच्या पातळ पत्र्यावर येतो, आणि काही काळाने दार खाली बसते, खडखडते आणि पत्र्याला बारीक चिरा पडतात.

यावर दोन वाटा निघाल्या. पहिलीत दार तेच ठेवून बिजागरी आणि आतली पट्टी जाड केली जाते. दुसरीत दार पूर्ण मोकळे करून भार चासीवर नेला जातो: चासीला बोल्टने आवळलेल्या पोलादी बंपरच्या एका टोकाला उभा खुंट असतो, त्याभोवती ट्रेलरच्या हबमध्ये असतात तशा निमुळत्या बेअरिंगांवर आडवा दांडा फिरतो, आणि दांड्याचे दुसरे टोक खटक्यात अडकते. या जुळणीतले कसब खटक्यापाशी कळते. रिकामा दांडा नेमका बसवून बोल्ट आवळले, तरी चाक चढवल्यावर तो किंचित झुकतो आणि खटक्याची दोन अंगे एकमेकांसमोर येत नाहीत. म्हणून जाणता कारागीर चाक लटकवूनच शेवटची पातळी जुळवतो आणि खटका रबरी ठोकळ्यावर दाबून बंद होईल असा ताण ठेवतो. हा ताण नसेल, तर उत्तम बेअरिंगही खडखडाट थांबवू शकत नाही. चाकाआड जाणारी नंबरप्लेट आणि मागचा दिवा यांनाही नवी जागा द्यावी लागते.

या वाटेची किंमत अशी की मागचे दार उघडण्याआधी दांडा बाजूला करावा लागतो. भारतात कायद्याचाही अडसर आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते.

विशेष म्हणजे रस्त्यावरच्या मोटारी याच काळात स्टेपनी सोडू लागल्या आहेत. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना २०२० च्या नियमबदलाने भारतातही जादा चाकातून सूट मिळाली. खिळ्याने पडलेले भोक अशा संचाने बुजते. अणकुचीदार दगडाने टायरची बाजू फाटली, तर मात्र तो निरुपयोगी ठरतो, आणि खडकाळ वाटेवर नेमकी बाजूच फाटते. म्हणूनच जीप रँग्लरला २०२१ मध्ये कारखान्यातूनच ३५ इंचांचे टायर देण्याची वेळ आली, तेव्हा कंपनीने स्टेपनी काढून न टाकता मागच्या दाराची बिजागरी मजबूत करून घेतली.