भूमि-अभिलेखांचे संगणकीय व्यवस्थापन, मावळातील

भूमि-अभिलेखांचे संगणकीय व्यवस्थापन, मावळातील : जमिनीच्या हक्कांच्या व महसुलाच्या नोंदी संगणकीय डेटाबेसमध्ये साठविणे, त्यांत कायद्याने ठरलेल्या रीतीने फेरबदल करणे, त्यांच्या सुरक्षित प्रती राखणे व त्यांतील विसंगती शोधणे या कामांचा यात समावेश होतो. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळ तालुक्यात (मुख्य ठाणे वडगाव) या कामास विशेष महत्त्व आहे. लोहमार्ग, खोपोली जलविद्युत् केंद्रासाठी (१९१५) लोणावळ्याच्या परिसरात बांधलेली धरणे, पवना धरण, तळेगावची औद्योगिक वसाहत आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग यांमुळे येथील भातखाचरांचे पुनःपुन्हा तुकडे पडले. प्रत्येक तुकड्यामागे भूमापन खात्याचे ‘कमी-जास्त पत्रक’ आणि गावाच्या दप्तरात एक नवा फेरफार येतो.

नोंदी जुन्या असोत वा नव्या, त्यांची विश्वसनीयता मूळ माहितीवर अवलंबून असते, हा धडा पुणे जिल्ह्याने फार पूर्वी घेतला. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा सूक्ष्म हिशेब करून आकारणी बसविली. गणित निर्दोष होते. परंतु मोजणी व प्रतवारी करणाऱ्या हाताखालच्या माणसांनी खोट्या नोंदी केल्यामुळे ती सारी आकारणी कोसळली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात सोप्या पद्धतीची पाहणी सुरू केली आणि तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी ठरविली. गावचे दप्तर मात्र दीर्घकाळ वतनदार कुलकर्ण्याच्या हाती राहिले. ते वतन १९५० च्या अधिनियमाने नष्ट झाल्यावर त्या जागी पगारी तलाठी आला.

अधिकार अभिलेखाची पद्धती मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्याखाली ती आज चालते. गाव नमुना ६ ही फेरफारांची नोंदवही. नमुना ७ मध्ये भोगवटादार व इतर अधिकार. नमुना १२ मध्ये पिके. ८-अ मध्ये खातेनिहाय क्षेत्र. सात व बारा मिळून झालेल्या उताऱ्यास लोक ‘सातबारा’ म्हणतात. तो हक्काचा अंतिम पुरावा नव्हे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्यातील नोंद खरी धरावी, एवढेच संहिता सांगते. व्यवहारात मात्र त्यावाचून शेतकऱ्याचे पान हलत नाही.

ई-फेरफार प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेल्या खरेदीखताची माहिती थेट महसूल खात्याकडे जाते. त्यावरून फेरफार तयार होतो, हितसंबंधितांस नोटीस निघते, आणि हरकतीचा पंधरा दिवसांचा अवधी संपल्यावर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबारा बदलतो. दुवे यंत्राने जोडले. निर्णय माणसाकडे ठेवला. ही रचना योग्यच म्हटली पाहिजे.

अशा डेटाबेसच्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्याचे बरेचसे काम रोज तेच ते असते : ठरल्या वेळी प्रत काढणे, ती परत उतरवून पडताळणे, कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याची वही राखणे, जागा भरत आल्यास सूचना देणे. ही कामे ‘स्क्रिप्ट’ म्हणजे क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञांवर सोपविता येतात. त्याच रीतीने नोंदींचा ताळाही घेता येतो. नमुना ७ वरील एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसेल, फेरफार क्रमांक कोरा असेल किंवा एकच गट दोनदा आला असेल, तर अशी आज्ञावली हजारो उताऱ्यांतून तो वेचून काढते. कुलकर्ण्यास ज्या कामाला महिने लागले असते ते काही मिनिटांत होते.

परंतु वारसनोंदीत एखाद्या बहिणीचे नाव गळले आणि उरलेल्या भावांच्या क्षेत्रांची बेरीज बरोबर आली, तर ताळा जुळतो व चूक दडून राहते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने कन्येस जन्मतः सहदायादाचा हक्क मिळाल्यामुळे आणि द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींना मोल आल्यामुळे अशा गळतीचे परिणाम गंभीर होतात. हस्तलिखित उतारे संगणकावर चढविताना झालेल्या चुका काढण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर ‘चावडी वाचन’ घेण्यात आले, ते याच कारणाने उचित होय. गावकऱ्यांसमोर नोंदी मोठ्याने वाचल्या की गळलेले नाव कोणाच्या तरी ध्यानात येते. यंत्रास ते नाव ठाऊकच नसते. निव्वळ लेखनप्रमादाची दुरुस्ती संहितेच्या कलम १५५ नुसार होते. हक्काचा वाद असल्यास दिवाणी न्यायालयाकडे जावे लागते.

लोणावळ्यासारख्या नगरात आणखी एक पेच असतो. नगर भूमापन झालेल्या क्षेत्रात मिळकत पत्रिका हा अभिलेख असून तो भूमि-अभिलेख खाते ठेवते. नगर भूमापनानंतरही जेथे सातबारा बंद झाला नाही, तेथे एकाच भूखंडाचे दोन दाखले दोन कार्यालयांत नांदतात. प्रत्येक डेटाबेस आपापल्या जागी सुसंगत असल्याने, दोन्ही एकत्र ताडून पाहिल्याखेरीज हा दोष दिसत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाल्यावर नमुना १२ मधील पिकाची नोंद शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून भ्रमणध्वनीवरून करू लागला.